शिंकेचा पत्ता

रोह्यात चंद्रावती शिंकली की धाटावच्या कारखान्यांतले पहिल्या पाळीचे निम्मे कामगार उशिरा पोचत. यात तिचा दोष काडीचा नव्हता. माणसाला नाक आहे, नाकाला धूळ आहे, शिंक येणारच. पण चंद्रावतीची शिंक म्हणजे सोहळा. आधी ती चार वेळा हवा आत ओढायची. तेवढ्या वेळात शेजारच्या तीन घरांतल्या बायका फडताळातल्या काचेच्या बरण्या हातांनी धरून उभ्या राहायच्या. मग जो आवाज व्हायचा, त्यानं एसटीचा ड्रायव्हर गाडी कडेला घेऊन टायर बघायला खाली उतरायचा आणि कुंडलिकेच्या पलीकडच्या काठावर चरणाऱ्या म्हशी संध्याकाळ झाली असं समजून घराकडे वळायच्या. सुताराच्या घरातलं तीन वर्षं बंद पडलेलं घड्याळ एका शिंकेत चालू झालं आणि अजून बरोबर वेळ दाखवतं. खोटं वाटत असेल त्यानं जाऊन बघून यावं.

बरं, घराबाहेर पडताना शिंक ऐकली की माणूस थांबतो. आत येऊन बसतो, घोटभर पाणी पितो. लगोलग दुसरी शिंक आली तर दोष फिटला, खुशाल निघायचं. चंद्रावतीला दुसरी शिंक कधी यायचीच नाही. मग आळीतले सगळे बाप्ये हेल्मेट घालून, मोटारसायकलला किक न मारता, तिच्या खिडकीकडे तोंड करून ताटकळत उभे. कंपनीच्या गेटवर उशिराचं कारण लिहायचा एक रकाना होता. त्यात पुढे पुढे सगळे नुसतं 'वहिनी' एवढंच लिहीत.

अशा या चंद्रावतीचा दीर म्हणजे सुशील. वय चोवीस, धाटावला शिफ्टमध्ये ऑपरेटर, आणि शिफ्ट सुटली की हिप हॉपचे बीट बनवणारा. गाणारा वेगळा, नाचणारा वेगळा. त्यांच्या खालचा जो ठेका असतो, ढोल, टाळी, घुमारा, तो लॅपटॉपवर रचायचं काम सुशीलचं. यासाठी त्यानं घरातली वालाची खोली धरली होती. रोह्याकडचा वाल, त्यामुळे खोलीत छतापर्यंत पोती. पण त्या पोत्यांमुळे खोलीत आवाज असा मऊ बसायचा की मुंबईच्या भारी स्टुडिओलाही तो जमणार नाही, असं सुशीलचं म्हणणं. मुंबईचा स्टुडिओ त्यानं पाहिला नव्हता, ही गोष्ट निराळी.

त्याचा थोरला भाऊ, चंद्रावतीचा नवरा, दिनानाथ, याला ते म्हणणं पटत नव्हतं.

"प्रोड्युसर हायस म्हणे तू," दिनानाथ एकदा जेवताना म्हणाला. "प्रोड्युसर म्हणजे पिक्चर काढतो तो ना? काढ मग. येतो बघायला."

"दादा, तो वेगळा. मी बीटचा प्रोड्युसर."

"बीट जमिनीत उगवतो. खोलीत नाय."

शेवटी एके दिवशी चंद्रावती घरात नसताना दिनानाथनं निकाल लावला. पेणला रामवाडीत बीट बनवणाऱ्यांची स्पर्धा होती, रविवारी. "जिंकलास, तर खोली जन्मभर तुझी. मी उंबरा ओलांडणार नाय. हरलास, तर त्याच संध्याकाळी खोलीत कोंबड्या. दोनशे पिल्लांची ऑर्डर दिलीय. टेम्पो वडखळच्या नाक्यावर पाच वाजता उभा राहील. जाताना तुझा निकाल, येताना पिल्लं."

सुशीलनं पटकन खोलीचं दार लावून घेतलं. दोनशे पिल्लं! त्यांच्या चिवचिवाटात बीट कसला, स्वतःचा श्वास ऐकू यायचा नाही.

रविवारी सकाळी तिघं पेणला निघाली. चंद्रावतीचं माहेर रामवाडीच. भावजय दिपिका तिची वाट बघत होती, म्हणून ती खुशीत होती. पिल्लांबद्दल तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

आता ही स्पर्धा भरवणारा माणूस समजून घेतला पाहिजे. काळुरामशेठ. बावीस वर्षं त्यांनी रामवाडीत टेनिस बॉल क्रिकेटचे सामने भरवले. 'एक गाव, एक संघ' हा त्यांचा नियम साऱ्या जिल्ह्यात गाजलेला. यंदा मैदानाच्या मालकानं मैदानात उन्हाळी भात लावला आणि काळुरामशेठना हायवेच्या कडेचा एक पट्टा तेवढा मिळाला. तिथे क्रिकेट खेळलं असतं तर प्रत्येक सिक्सर वडखळला जाऊन वडापावच्या कढईत पडला असता. तेव्हा त्यांचा पुतण्या साईराज म्हणाला, "काका, बीटची स्पर्धा घ्या. दोन टेबलं लागतात."

"नियम काय असतात त्याचे?"

"असं काय ठरलेलं नाय, काका."

नियम ठरलेले नाहीत, हे काळुरामशेठना सहन होणारं नव्हतं. त्यांनी बावीस वर्षांचं क्रिकेटचं नियमपुस्तक घेतलं, त्यातला 'बॉल' खोडून 'बीट' लिहिलं, 'फलंदाज' खोडून 'प्रोड्युसर' लिहिलं आणि छापायला दिलं. खोडायचं जिथे राहून गेलं, तिथे तसंच छापलं.

त्यामुळे सुशील मैदानावर पोचला तेव्हा दोन अंपायर पांढरा डगला आणि टोपी घालून उभे होते. नाणेफेक झाली. पहिल्या पोरानं लॅपटॉपवर बीट सुरू केला. अंपायरनं खिशातल्या सहा खड्यांतला एकेक खडा या हातातून त्या हातात टाकत ठोके मोजले, आणि सहावा ठोका पडताच हात वर केला.

"ओव्हर!"

पोरगं भांबावलं. "म्हणजे?"

"टोक बदला."

पोरानं जोडीदाराला घेऊन टेबल उचललं, वायरींसकट मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तिथे सहा ठोके झाले. पुन्हा टेबल इकडे. एका बिचाऱ्या नागोठण्याच्या पोराचा दोन मिनिटांचा बीट वाजायला पाऊण तास लागला, आणि शेवटी टेबल उचलून कमरेत उसण भरल्यामुळे त्यानं 'रिटायर्ड हर्ट' घेतलं. स्पीकर शिट्टी मारायला लागला की नो बॉल. पुढचा ठोका फ्री हिट. वर माईक धरून बसलेला रघू कॉमेंटेटर तर एक ठोका कुणाला ऐकू देत नव्हता. "आणि हा आऽऽला बीट! मधल्या यष्टीच्या रोखानं! पब्लिक मागं सरका, पब्लिक! दोरीच्या आत येऊ नका!"

सात संघ झाल्यावर अंपायरच दमले आणि ओव्हरचा नियम रद्द झाला. दोन मिनिटं सलग. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तोवर प्रविण उठला.

प्रविण रामवाडीच्या क्रिकेट संघाचा कॅप्टन. बीटमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण अपील करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. झोपेतही तो दोन बोटं वर करून ओरडायचा, असं त्याची बायको सांगते. अलिबागकडच्या एका पोराचा बीट चांगला रंगला होता, तेवढ्यात हा मध्ये आला.

"नियम सात!" प्रविण नियमपुस्तक नाचवत म्हणाला. "एक गाव, एक संघ. बाहेरगावचा खेळाडू खेळवल्यास संघ बाद. हा ढोल कुठला रं?"

"डाउनलोड केलाय," पोरगं म्हणालं. "अटलांटाचा."

काळुरामशेठ पुढे झुकले. "तालुका?"

"तालुका नाय शेठ, अमेरिका."

"आधार कार्ड आहे ढोलाचं?"

"ढोलाचं कसं असेल?"

"बाद."

मैदानावर एकदम पळापळ झाली. ज्याच्या त्याच्या लॅपटॉपात लंडनच्या टाळ्या, जर्मनीचे ढोल, ब्राझीलच्या झांजा भरलेल्या. प्रविण एकेकाला जाऊन विचारायचा, "ही झांज कुठली?" आणि तासाभरात एकवीस संघ बाद होऊन कलिंगडाच्या गाडीभोवती उभे राहिले. उरले दोन. एक रामवाडीची मृणाली. तिच्या बापाचा गणपतीचा कारखाना. तिनं सगळे आवाज तिथेच टिपले होते. शाडूची माती फळीवर आपटल्याचा ढोल, मूर्तीवर पॉलिशपेपर घासल्याची झांज. आणि दुसरा सुशील. त्याची पाळी अजून आली नव्हती, एवढंच त्याचं पुण्य.

फायनलला एक तास होता. सुशील कलिंगडाच्या गाडीमागे लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला आणि त्यानं आपला बीट उघडला. ढोल जर्मनीचा होता. झांज कुठल्या तरी बेटावरची होती. त्यानं एकेक काढून टाकलं, तसा बीट कणसातले दाणे खाल्ल्यासारखा नुसता दांडा उरला.

"काय दादूस," मृणाली हातात कलिंगडाची फोड घेऊन येऊन उभी राहिली. "कशाला डोक्याला त्रास करून घेतोस? घरी जा, वाल सोल. वहिनीला मदत होईल."

"तू तुझं बघ."

"बघितलं की. कप कुठं ठेवायचा ते पण बघितलं. फ्रीजवर."

ती गेली. सुशीलनं कपाळावरचा घाम पुसला. डोळ्यांपुढे वालाची खोली आली, पोती बाहेर काढलेली, भुसा पसरलेला, आणि मध्यभागी पिवळा बल्ब. तो झपाट्यानं कामाला लागला. वालाचं पोतं जमिनीवर टाकल्याचा आवाज त्यानं कधीतरी टिपून ठेवला होता, तो ढोल झाला. सुपात वाल पाखडल्याची खसखस होती, ती झांज झाली. राहिली टाळी. हिप हॉपच्या बीटमध्ये चार ठोक्यांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला एक कडक आवाज पडावा लागतो. तो नसला तर सगळा कारभार बसका. तसा आवाज त्याच्याकडे एकच होता.

तीन आठवड्यांपूर्वी त्याचा मित्र सुजय खोलीत रॅप रेकॉर्ड करायला आला होता. मनगट हलवत तो ऐन रंगात आला आणि पलीकडे स्वयंपाकघरात चंद्रावतीच्या नाकात फोडणी गेली. भिंत ओलांडून, अकरा पोती ओलांडून ती शिंक माईकमध्ये घुसली. सुजयनं रॅप सोडला. आता तो एलआयसी करतो. आवाज मात्र राहिला होता.

सुशीलनं मान वर करून बायकांच्या मांडवाकडे पाहिलं. वहिनी पहिल्या रांगेत, दिपिकेच्या शेजारी, पंख्यासमोर. तिला न विचारता तिची शिंक चारशे माणसांत वाजवायची? वहिनीनं त्याला शाळेत असल्यापासून डबे करून घातले होते. त्यानं हात बटणावरून उचलला. मग दुसरीकडे दिनानाथ दिसला, मोबाईलवर टेम्पोवाल्याला रस्ता समजावून सांगत असलेला. सुशीलनं डोळे मिटले आणि शिंक दुसऱ्या ठोक्यावर ठेवली. मग चौथ्यावर ठेवली.

फायनलला आधी मृणालीची पाळी आली. तिचा बीट खराच जोरात होता. माती अशी आपटायची की छातीत धपकन् बसावी. पोरं नाचली, पोरांच्या आया नाचल्या, अंपायरनं दोन्ही हात वर करून सिक्सर दिला. सुशीललाही पाय हलवल्याशिवाय राहवेना, म्हणून तो खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसला.

मग तो उठला. "रोहाऽऽ संघाचा सलामीवीर," रघू ओरडला, "सुशील! वेळ दोन मिनिटं!"

सुशीलनं बटण दाबलं. धप्प, पोतं पडलं. वाल खसखसला. पोरांनी नाचायला पाय उचलले, आणि दुसऱ्या ठोक्याला आठ स्पीकरमधून चंद्रावती शिंकली.

अख्खं मैदान थांबलं. चारशे माणसं, उचललेला पाय तसाच. वडेवाल्याच्या चिमट्यातला वडा तेलावर एक वीत अधांतरी. अंपायर हात अर्धा वर करून. म्हाताऱ्या तर सवयीनं मटकन् खाली बसल्या आणि पाण्याची बाटली शोधायला लागल्या. आणि तेवढ्यात चौथा ठोका आला. दुसरी शिंक. दोष फिटला! चारशे पाय एकदम जमिनीवर आले, वडा तेलात पडला, म्हाताऱ्या उठल्या. पुढच्या फेरीला पुन्हा शिंक, पुन्हा सगळे थांबले. पुन्हा शिंक, सगळे चालले.

चार-पाच फेऱ्यांत माणसांना ते कळायचं थांबलं आणि अंगात भिनलं. थांब, चल. थांब, चल. असा नाच पेणनं कधी पाहिला नव्हता, आणि तो कुणी शिकवलेला नव्हता. पाळण्यात असल्यापासून जे अंगात मुरलेलं, तेच नाचत होतं. हायवेवरच्या ट्रकवाल्यांनी एका शिंकेला ब्रेक मारला, दुसरीला सोडला. रामवाडीपासून वडखळपर्यंतची गाड्यांची रांग दोन मिनिटं त्याच ठेक्यात सरकत होती आणि मधल्या कंटेनरचे दिवे झांजेसारखे लुकलुकत होते. दिनानाथसुद्धा थांबत होता, चालत होता, आणि आपण नाचतोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

"टाइम!" अंपायर ओरडला आणि साईराजनं आवाज तोडला.

पण तोडला नेमका दुसऱ्या ठोक्यावर.

एकटी शिंक. पुढची नाही. मैदान जागच्या जागी खिळलं. टाळी नाही, शिट्टी नाही. रघूच्या तोंडून इतक्या वर्षांत पहिल्यांदा शब्द बाहेर पडेना. सुशीलला क्षणभर वाटलं, आटपलं, लोकांना आवडलंच नाही, पिल्लं आली. मग चारशे जोडी डोळे आपल्याकडे काकुळतीनं बघतायत हे त्याला उमगलं. त्यानं एक बटण दाबलं. शिंक वाजली, आणि जो टाळ्यांचा कडकडाट झाला त्यानं मांडवाचे दोन बांबू उपटले.

काळुरामशेठ कप उचलायला वाकले. "विजयी संघ..."

"हाऊज दॅऽऽट!"

प्रविण. दोन्ही हात वर, गुडघ्यावर बसून, डोळे विस्फारलेले. "नियम सात! बाहेरगावचा खेळाडू! ही शिंक रोह्याची नाय. ही आमच्या रामवाडीची चंद्री शिंकली!"

"कशावरून?" सुशील म्हणाला. त्याचा आवाज जरा बारीक आला.

"कशावरून?" प्रविण उठून माईककडे आला. "बारा वर्षांमागं फायनलला मी अठ्ठ्याण्णववर खेळत होतो. बॉलर निघाला, न् ही मागच्या अंगणात शिंकली. मी थांबलो. बॉल नाय थांबला. तीनही दांड्या गेल्या! ही शिंक मी मेल्यावर पण ओळखीन."

मग जो गलका उठला त्याला सीमा नव्हती. रोह्याहून आलेले दहा-बारा जण पुढे सरसावले. लग्न होऊन अकरा वर्षं झाली, शिंक सासरची! पेणकर म्हणाले, नाक कुठलं? नाक रामवाडीचं! रोहेकर म्हणाले, नाकात गेलेली फोडणी आमची! एक म्हातारा काठी आपटून सांगायला लागला की मुलगी दिली म्हणजे शिंकेसकट दिली, मागाहून शिंक परत मागणं ही काही रीत नाही. दुसरा म्हणाला, लग्नात रुखवत मांडलं त्यात शिंक होती का, दाखवा.

काळुरामशेठनी माईकवर तीन वेळा टिचकी मारली. "माहेर-सासर मला माहीत नाय. नियमपुस्तकात काय लिहिलंय? आधार कार्ड. खेळाडूला पुढं बोलवा."

चंद्रावती आधीच उठली होती. ती मांडवातून निघाली ती सरळ सुशीलसमोर येऊन थांबली.

"भावजी, माझी शिंक?"

एरवी ती त्याला नावानं हाक मारायची. सुशीलनं मान खाली घातली. "वहिनी, दुसरा आवाजच नव्हता."

"विचारायचं नाय?"

"चुकलं."

"घरी बघते तुला." तिनं पर्स उघडली, कार्ड काढलं आणि काळुरामशेठच्या हातात दिलं.

शेठनी चष्मा वर केला. "चंद्रावती दिनानाथ... नाव सासरचं आहे." रोहेकरांनी शिट्टी मारली. "पत्ता... रामवाडी, पेण."

शिट्टी अर्ध्यावर मेली.

"अकरा वर्षं झाली लग्नाला," शेठ म्हणाले, "न् पत्ता अजून माहेरचा?"

चंद्रावती वळली. दिनानाथ आभाळातला एक घारीसारखा ठिपका फार बारकाईनं बघत होता.

"यांना विचारा," ती म्हणाली. माईक जवळ होता, त्यामुळे हायवेपर्यंत ऐकू गेलं. "दर वर्षी पत्ता बदलायला निघतो. दर वर्षी उंबऱ्यावर मला शिंक येते, न् हे मागं फिरतात. पाणी पितात, चप्पल काढतात, न् झोपतात."

"अपशकुन व्हतो गो," दिनानाथ पुटपुटला.

"शेताला जाताना नाय व्हत? मॅच बघायला जाताना नाय व्हत? सरकारी कामालाच बरा व्हतो!"

बायकांच्या मांडवात हशा पिकला तो बराच वेळ थांबला नाही. काळुरामशेठनी मात्र कार्ड उलटसुलट केलं, नियम सात पुन्हा वाचला आणि बोट वर केलं.

"रोहा बाद. कप रामवाडीचा."

प्रविण मैदानाला फेरी मारायला पळाला. मृणालीनं कप घेतला, वजन केलं, आणि सुशीलकडे न बघता थेट चंद्रावतीपाशी आली. "ताई, कार्डावर तू आमची हायस. पुढच्या वर्षी आमच्याकडून शिंक. कारखान्यामागं एक खोली रिकामी हाय, पंखा पण हाय."

चंद्रावतीनं कप निरखून पाहिला. तिनं 'नाही' म्हटलं नाही, हे सुशीलच्या लक्षात आलं.

दिनानाथनं घड्याळ बघितलं आणि भावाच्या खांद्यावर हात ठेवला. "चल. ठरलं ते ठरलं. खोली मोकळी करायची. टेम्पो नाक्यावर लागला असंल."

"कसला टेम्पो?" चंद्रावतीनं विचारलं.

सुशील लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागला. दिनानाथ गप्प राहिला असता तर निभावलं असतं.

"पिल्लांचा," तो म्हणाला. "कोंबड्यांची. दोनशे. वालाच्या खोलीत ठेवतोय."

"दोनशे. न् बघणार कोण?"

"तू हायस की."

सुशीलला पुढे पुष्कळांनी विचारलं, पण त्या क्षणी वहिनीचा चेहरा कसा झाला हे त्याला शब्दांत सांगता आलं नाही. ती रागावली नाही. तिनं शांतपणे काळुरामशेठच्या हातातून कार्ड परत घेतलं, एक प्लास्टिकची खुर्ची ओढली, पदर आवरला आणि बसली.

"मी रामवाडीची," ती म्हणाली. "आता इकडंच राहीन. कार्डावर बघा. रोह्याची झाले की येईन."

"आगो, काय बोलतेस! चार माणसं बघतायत."

"चारशे बघतायत. दिपिका, चहा टाक गो. मी मुक्कामाला हाय."

दिनानाथ सुशीलकडे वळला, काळुरामशेठकडे वळला, अगदी अंपायरकडेही वळला. अंपायरनं खांदे उडवून थर्ड अंपायरची खूण केली. शेवटी तो बायकोच्या खुर्चीजवळ उकिडवा बसला. "बोल, काय म्हणणं हाय तुझं?"

"पिल्लं नायत."

"टेम्पो नाक्यावर उभा हाय! परत कसा पाठवू?"

"तुम्ही आणला, तुम्ही बघा. दुसरं, खोली भावजींची. तो हरला तो तुमच्यामुळं. एवढा पत्ता बदलला असता तर कप घरी आला असता."

चारशे माणसं माना डोलावत होती, कारण ते खरंच होतं आणि सगळ्यांना दिसत होतं. दिनानाथनं दाढी खाजवली. "बरं. खोली त्याची. मी उंबरा ओलांडणार नाय. झालं?"

"तिसरं मी भावजींना घरी सांगीन."

पिल्लांचं काय झालं, तर काळुरामशेठ बावीस वर्षं बक्षीस समारंभ करत आलेले. बाद झालेला संघ रिकाम्या हातानं गेला की त्यांना जेवण जात नसे. यंदा उत्तेजनार्थ द्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं. टेम्पो वडखळहून मैदानावर आणवला, आणि एकवीस बाद प्रोड्युसरांना शाल, श्रीफळ आणि जाळीच्या पेटीत नऊ-नऊ पिल्लं देऊन सत्कार झाला. उरलेली अंपायरांनी घेतली. दिनानाथचा हातही सत्काराला लावला, त्यामुळे तो जरा सावरला. त्याचा फोटोही निघाला.

रिकाम्या टेम्पोतून तिघं रोह्याला निघाली. दिनानाथ पुढे ड्रायव्हरशेजारी, दीर-भावजय मागे हौद्यात, एका ताडपत्रीवर. उन्हं कलली होती. नागोठणं मागे गेल्यावर वहिनीनं हात पुढे केला.

"लाव बघू कानाला."

सुशीलनं इयरफोन दिला. तिनं डोळे मिटून अख्खी दोन मिनिटं ऐकलं. मग पुन्हा लावायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा. तिच्या कपाळावर आठी होती.

"हे असं नाय," ती म्हणाली.

"काय, वहिनी?"

"पहिली न् दुसरी सारखीच घेतलीस. एकच शिंक दोनदा. ती फोडणीची हाय, मिरची जास्त झालेली. नुसती तिखट लागते. दुसरी जरा गोलाई देऊन यायला पायजे. तपकिरीची."

"तुम्हाला दुसरी कुठं येते?"

"घरात घाई असते म्हणून दाबते मी!" ती फिस्कारली. "नायतर दूध उतू जातं. अकरा वर्षं दाबलीय. खाली मानेनं घेतली तर घुमते, वर बघून घेतली तर फुटते. आंघोळीनंतरची वेगळी. गव्हाच्या कोंड्याची तर विचारूच नको." ती थांबली, ताडपत्रीची सुरकुती तळव्यानं सारखी केली. "उद्या तुझी पाळी कोणती?"

"दुसरी. अडीचची."

"मग सकाळी दहाला बसू. पोती डावीकडं सरकव, मला खुर्ची लागेल. पाठीला टेकणारी. न् माझं झाल्याबिगर मशीन बंद करायचं नाय."

सुशीलनं मान हलवली. खोली आता जन्मभर त्याची होती, यात शंका नव्हती. दहा वाजता तिथे बसायला आपल्याला काय मिळेल, खुर्ची की वालाचं पोतं, एवढंच त्याला विचारायचं होतं. पण वहिनीनं पुन्हा डोळे मिटले होते, आणि बोटानं गुडघ्यावर ठेका धरून ती चौथ्या ठोक्याची वाट बघत होती.